मयताच्या घरची कॉफी

माझ्या नवऱ्याचं निम्मं आयुष्य साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत गेलं. कऱ्हाडच्या बाजूला बरीच वर्षं केमिस्ट म्हणून काढल्यावर ग्वाटेमालातल्या एका कारखान्याचं बोलावणं आलं आणि आम्ही दोघं उंब्रजचं घर सासूबाईंच्या हवाली करून निघालो. तो देश नकाशात शोधायला मला चष्मा लावावा लागला. भावकीतल्या बायकांना मी सांगितलं, अमेरिकेला चाललोय. हे काही अगदी खोटं नव्हतं, मध्य अमेरिका म्हणजे अमेरिकाच की. त्या ऐकून गप्प झाल्या आणि मला तेवढंच हवं होतं.

गाव लहान होतं. एक चर्च, एक बाजार, दोन औषधांची दुकानं आणि गावाबाहेर पाऊल टाकलं की नजर जाईल तिथवर ऊस. गळीत सुरू झालं की मळीचा तोच आंबूस वास घरात शिरायचा. पहिल्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हणाले, "एवढं विमानात बसून आलो ते कारखान्याच्या मागच्याच गेटला का?" तो हसला. मी मात्र त्या वासावरच तिथं टिकले. भाषा येत नव्हती, ओळखीचं तोंड नव्हतं, पण नाक म्हणायचं, घरीच आहेस.

आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मध्ये अंगण. अंगणाच्या मधोमध सिमेंटचा मोठा हौद आणि त्याच्या दोन्ही अंगांना धुण्याभांड्यासाठी बांधलेले उतरते कट्टे. दोन्ही घरांचं पाणी तिथंच, धुणं तिथंच आणि गप्पाही तिथंच. म्हातारीला मी दोन्या म्हणायचे. तिकडं मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं. ती मला मिहा म्हणायची, म्हणजे पोरी.

आमची गट्टी जमली ती मक्यामुळं. ती रोज सकाळी मक्याच्या छोट्या जाड भाकऱ्या दोन तळहातांत थापटून मातीच्या तव्यावर टाकायची. मी म्हटलं, हे तर मला येतं. परात घेतली, माझ्या पद्धतीनं चांगली ताटाएवढी भाकरी थापली आणि तव्यावर टाकली, तर तिच्या तव्यात ती मावेना. म्हातारी पोट धरधरून हसली आणि तिनं नवऱ्याला बोलावून ती भाकरी दाखवली. म्हातारबाबा जन्मभर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर राबलेला माणूस. दुपारी व्हरांड्यात टांगलेल्या झोळीत पडून गोड पावाचे तुकडे कॉफीत बुडवून खायचा. त्या दिवशी त्यानं माझी भाकरी कॉफीत बुडवली आणि मान डोलावली. तेव्हापासून रोज एक भाकरी तिकडं जायची आणि तिच्या दोन-चार माझ्याकडं यायच्या.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी रीतीभातीची पक्की. भावकीत कुणाच्या घरी काही झालं की बायका मला विचारायच्या. भेटायला कोणत्या वारी जायचं, सुतक कुणाला तीन दिवसांचं आणि कुणाला दहा, दहाव्याला माहेरच्यांनी काय आणायचं, सगळं मला तोंडपाठ. शिकलेल्या बायकांना यातलं काही कळत नाही, मी बीएस्सी होऊनही विसरले नाही, हे मी चारचौघींत ऐकवत असे. लोकांच्या दुःखाच्या दिवशी मला मान मिळायचा आणि तो मला आवडायचा. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

दुसऱ्या वर्षी म्हातारबाबा गेला. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी सकाळी दोन्याचं रडणं अंगणात ऐकू आलं. मलाही रडू फुटलं, खरोखर फुटलं. रडून झाल्यावर मी उंब्रजला सासूबाईंना फोन लावला. त्यांना मी आत्या म्हणते. म्हटलं, "आवं आत्या, आमचे घरमालक गेले. हितं काय करू?"

आत्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "आगं, देश कुठलाबी आसंना, मयत ते मयतच. त्यांची चूल पेटली नसंल, भाकरी न्हे. आन त्या घरातलं पानीबी तोंडात घालू नगं. जाताना येते म्हनायचं न्हाई, गप उठायचं. आन आल्यावर उंबरा वलांडायच्या आदी डोक्यावरनं पानी घे."

यातलं मला नवं काहीच नव्हतं. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्यावर धीर आला. उंब्रजहून आणलेलं बेसन मी पुरवून पुरवून वापरायचे, ते सगळं त्या दिवशी काढलं. पातेलंभर पिठलं केलं, मक्याच्या भाकऱ्या थापल्या, वर फडकं टाकलं आणि अंगण ओलांडून गेले.

तिथं चूल पेटली नव्हती असं नाही, तीन चुली पेटल्या होत्या. गल्लीतल्या बायका मक्याचं पीठ आणि मांस केळीच्या पानात बांधून मोठमोठ्या पातेल्यांत उकडायला लावत होत्या. कॉफीचं भांडं तर माझ्या कमरेएवढं. बाहेर पुरुष पत्ते खेळत बसले होते. घरात बाबा पेटीत, भोवती मेणबत्त्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कप आणि गोड पाव. माझं पिठलं कुणीतरी आभार मानून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलं. मला वाटलं, ही काय पद्धत झाली, घरात प्रेत आणि दारात पंगत.

मला कप दिला. मी दोन्ही हातांनी मागं सारला. दुसऱ्या बाईनं दिला, तोही सारला. मग दोन्या स्वतः उठली. डोळे सुजलेले, तरी ती कप घेऊन माझ्यापर्यंत आली. मी हात जोडले, मान हलवली, नको म्हटलं. तिनं थोडा वेळ तो कप तसाच धरला. माझ्या मनात होतं, हिला कळेल की मी हिचं दुःख किती जाणते. थोडा वेळ बसले आणि कुणाशीही न बोलता उठले.

अंगणात आले ती थेट हौदापाशी. पंजाबी ड्रेस अंगात तसाच. तांब्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, एक, दोन, पाच तांबे. मग आत जाऊन कपडे बदलले, ओले कपडे बाहेर आणले आणि कट्ट्यावर आपटून धुतले. दहा पावलांवर व्हरांड्यात पन्नास माणसं बसलेली होती.

त्यांच्याकडं मयतानंतर नऊ संध्याकाळी प्रार्थना असते. मी एकही चुकवली नाही. रोज गेले, रोज कप मागं सारला, रोज न बोलता उठले आणि रोज हौदावर डोक्यावरून पाणी घेतलं. एका संध्याकाळी नवरा कारखान्यातून परस्पर तिथं गेला आणि केळीच्या पानातले दोन उकडलेले पुडे खाऊन आला. मी त्याला अंगणातच अडवलं. "तुम्हाला काही रीतभात? सुतकाचं खाऊन आलात?"

तो म्हणाला, "अगं, त्यांनी दिलं."

"दिलं म्हणून खायचं?" मी त्याला हौदापाशी उभं केलं आणि कारखान्याच्या गणवेशासकट त्याच्या डोक्यावर बादली ओतली. बिचारा केमिस्ट, पण तिकडं शिकलेल्या साहेबाला इंजिनिअरच म्हणतात, तसा गावभर सलाम घ्यायचा. व्हरांड्यातली कुजबुज थांबली, एवढं मला आठवतं. मला वाटलं, ही माणसं बघून शिकतायत.

नऊ दिवस संपले. दहाव्या दिवसापासून भाकऱ्या आल्या नाहीत. माझी भाकरी मी नेऊन ठेवली, तर संध्याकाळी ती कोंबड्यांपुढं दिसली. दोन्या मी हौदावर नसेन ती वेळ बघून धुणं धुवायची. मी हाक मारली की मान हलवायची, पण मिहा म्हणत नव्हती. मी मनात म्हटलं, नवरा गेलाय, बाईचं चित्त ठिकाणावर नाही. मी थोरपणानं वाट बघत राहिले.

मग एक दिवस तिची मुलगी आली. ती गावातल्या शाळेत शिकवायची आणि माझ्याशी सावकाश, तोडून तोडून बोलायची. ती आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही दुसरं घर बघाल का? आईला आता जागा लागणार आहे."

जागा कशाला लागणार होती? म्हातारी पुढच्या चार खोल्यांत एकटी होती. मी विचारलं, "काही चुकलं का आमचं?"

ती आधी नाही म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "आई म्हणते, त्या बाईनं माझ्या नवऱ्याला नऊ दिवस स्वतःच्या अंगावरून धुऊन काढलं. सगळ्या गल्लीसमोर." मला वाटलं, आपल्याला भाषा नीट कळली नाही. तिनं पुन्हा सांगितलं. बाबाच्या नावानं दिलेला घोट तुम्ही एकदाही घेतला नाही. आमच्यात असं वैरी करतो. निरोप न घेता उठून जायचात, भांडून गेल्यासारखं. आणि मग आमच्या घरातली घाण लागल्यासारखं त्या हौदावर. नवऱ्यालासुद्धा धुतलंत, कारण तो जेवला. "बाबांनी तुमचं काय वाईट केलं होतं?"

मी तिथंच खाली बसले. बाबानं माझी भाकरी कॉफीत बुडवून खाल्ली होती. ज्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त वाटलं की आपण शोभून दिसतोय, त्या संध्याकाळी पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती आणि त्यांना दिसत काय होतं? एक परदेशी बाई, त्यांच्या मेलेल्या माणसाचा विटाळ मानणारी. आणि खरं सांगायचं तर ते चूक बघत नव्हते. विटाळ म्हणूनच तर मी पाणी घेत होते. गोड शब्दात रीत म्हणायचं, एवढाच फरक. लाज वाटणं मला माहीत होतं. पदर सरकला, भाजी खारट झाली, अशी लाज. ही तसली नव्हती. ही बरेच दिवस गेली नाही.

त्या दिवशीच मी तिच्या त्या मुलीला घेऊन दोन्याकडं गेले. मला येत होती तेवढी भाषा वापरली, उरलेलं मुलीनं सांभाळलं. सांगितलं की आमच्याकडं मयताच्या घरी कुणी खातपीत नाही. त्या घराला त्रास नको म्हणून. येते म्हणत नाही, कारण अशा कामाला पुन्हा यायची वेळ नको. पाणी घेतो, कारण... इथं माझी गाडी अडली. मी म्हटलं, कारण तशी पद्धत आहे.

दोन्या हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मग जिचा नवरा गेला, तिच्याबरोबर जेवतं कोण?"

"घरची माणसं," मी म्हटलं.

"आणि घरी कुणी नसलं तर?"

"शेजारणी भाकरी ठेवून जातात."

"ठेवून जातात," ती म्हणाली. रागानं नाही. तिला फक्त नीट समजून घ्यायचं होतं.

मुलीनं कॉफी केली. दोन्यानं कप माझ्यापुढं सरकवला. मी घेतला. काकवी पितेय इतकी गोड होती ती आणि पहिला घोट घशाखाली उतरेना. इतक्या वर्षांची सवय गळ्यात आडवी येते, लाज कितीही वाटो. कप रिकामा होईपर्यंत म्हातारी माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, खोल्यांचं राहू दे.

आम्ही तिथं आणखी दोन गळीत हंगाम राहिलो. भाकऱ्या पुन्हा सुरू झाल्या, मिहासुद्धा सुरू झालं. पण मी केस धुवायला हौदावर गेले की ती उठून आत जायची. ते शेवटपर्यंत गेलं नाही. मी न्हाणं पहाटेचं करून टाकलं.

तिचा तो प्रश्न मात्र मला सोडेना. घरी कुणी नसलं तर? मी उत्तर देत होते तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढं एक घर आलं होतं. सांगलीशेजारच्या कुपवाडमधलं. सांगलीला शाळेत असताना माझी एक जिवाभावाची मैत्रीण होती. तिनं घरच्यांच्या विरोधात लग्न केलं आणि दोन्हीकडचे दरवाजे तिला बंद झाले. नवरा एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. आम्ही ग्वाटेमालाला जायच्या आदल्या वर्षी तो कामावरच कोसळला आणि गेला. ना मूल, ना सासर, ना माहेर. एका खोलीत ती एकटी.

मी भेटायला गेले होते. वार बघून गेले होते. डबाभर भाकरी आणि पिठलं नेलं होतं. मला बघून ती उठली आणि गॅसकडं वळली, तिनं चहाचं आधणसुद्धा ठेवलं. मी उठून तिचा हात धरला, "अगं, या दिवसांत नको," म्हणत गॅस बंद केला. मला वाटलं, तिचे कष्ट वाचवले. थोडा वेळ बसले आणि न बोलता उठले. उंब्रजला उतरून मागच्या दारानं न्हाणीत गेले, मगच घरात पाऊल टाकलं. आत्यांनी शाबासकी दिली होती.

तिला हे सांगायचं, असं मी ग्वाटेमालातच ठरवलं. करार संपून परत आल्यावर भावकीच्या जेवणावळी उरकल्या आणि एका सुट्टीच्या दिवशी मी कुपवाडला गेले. ती स्टॉपवर स्कूटी घेऊन न्यायला आली होती. आता तीही तिथंच एका कारखान्यात पॅकिंगला आहे. खोलीच्या दोन खोल्या झाल्यात. आल्या आल्या तिनं चहा टाकला.

मी तिला दोन्याची सगळी हकीकत सांगितली. नवऱ्याच्या डोक्यावर बादली ओतली ते ऐकून ती इतकी हसली की चहा उतू गेला. "लय अवघड बाई हायस गं तू," ती म्हणाली, "शाळेपासनं तशीच." मीही हसले. हसता हसता धीर गोळा केला. कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "त्या वेळी मी तुझा चहा घेतला नव्हता. ते मनात राहिलंय."

"कुठल्या वेळी?"

"तुझे हे गेले तेव्हा."

ती माझ्याकडं बघत राहिली. तोंडावर राग नव्हता, ओढून आणलेला मोठेपणाही नव्हता. "तवा तू कुठं आलतीस?" ती म्हणाली. "बायका यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या, उठून जायच्या. कोन आलं, कोन गेलं, मला काय बी आठवत न्हाई. वरच्या मजल्यावरची एक बाई तेवढी आठवती. ती रोज यायची आन माझ्या ताटात बसून जेवायची. ती नसती तर मी काय करून घेतलं आसतं, देवाला ठाऊक." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आन तू मनाला लावून घिऊ नगं गं. उंब्रज काय जवळ हाय व्हय? मी म्हनायचे, तिला सासर हाय, कशी यील? मी कवा राग धरला न्हाई तुझ्यावर."

माझ्याकडं पुरावे होते. वार सांगता आला असता, कोणती साडी नेसले होते ते सांगता आलं असतं, मी बंद केलेला गॅस सांगता आला असता. तोंड उघडलंही. ती वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला आधीच माफ करून टाकल्याची खूण होती.

"व्हय गं," मी म्हणाले. "नाहीच आले मी."